द्वारकेतलं न्यूट्रल

नाशिकचा वीकेंड म्हटला की आपली लिस्ट ठरलेली. सकाळी झणझणीत मिसळ, दुपारी वायनरी, संध्याकाळी सोमेश्वरचा धबधबा आणि परतताना चिवडा. सगळं बेस्टच आहे! पण यावेळी माझा अख्खा शनिवार गेला द्वारकेतल्या एका गॅरेजमध्ये, वाइनऐवजी ग्रीसच्या वासात. आणि खरं सांगू? पैसा वसूल!

द्वारका म्हणजे पुणे रोड जिथे मुंबई-आग्रा रोडला भेटतो ती जागा. वर उड्डाणपूल, खाली हॉर्नचा ऑर्केस्ट्रा. बोलेरो (2000) आणि स्कॉर्पिओ (2002) याच शहरातल्या कारखान्यातून रस्त्यावर उतरल्या, त्यामुळे गाड्यांचे डॉक्टर इथे असणारच. पुढच्या दुकानांत चकाचक सीट कव्हर्स, म्युझिक सिस्टिम्स. जुन्या गाड्यांचा वॉर्ड मात्र आतल्या बोळात.

तिथे आमचा पेशंट होता माझ्या मैत्रिणीच्या बाबांची 1985 ची प्रीमिअर पद्मिनी. फियाट 1100 वरून कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही तीच गाडी, जिची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. बाबा गेल्या वर्षी गेले. आता दुसरा गिअर पडत नव्हता आणि दोन गॅरेजवाल्यांनी ‘गिअरबॉक्स गेला’ असं सांगून टाकलं होतं. भावाने भंगारवाल्याला सोमवारचा शब्दही दिला होता. वर कागदपत्रांची गंमत अशी की विंटेजचा मान मिळायला गाडी पन्नाशीची लागते. म्हणजे ही विंटेज नाही, नुसतीच म्हातारी!

काका मात्र गिअरबॉक्सकडे गेलेच नाहीत. पद्मिनीचा गिअर जमिनीवर नसतो, स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो. तुमच्या हाताची हालचाल तिथून खाली उतरते आणि रॉडवरून गिअरबॉक्सपर्यंत पोचते. प्रत्येक जोडावर एक छोटा बुश. तो झिजला की खेळ वाढतो. हात म्हणतो दुसरा, गिअरबॉक्सला ऐकू येतं भलतंच.

‘मॅडम, दांडा हलवून बघा.’ हलवला. ढिम्म काही न होता चांगला तीन-चार बोटं फिरला. ‘गिअरबॉक्स बिचारा निरोपाची वाट बघतोय,’ काका म्हणाले.

मग चाकांखाली विटा, गाडी घोडीवर (नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, हे काकांनी पोऱ्याला दरडावून सांगितलं). नवे बुश लेथवर करून आणले होते. खरा फंडा त्यानंतरचा. दांडा न्यूट्रलमध्ये, गिअरबॉक्सही न्यूट्रलमध्ये, आणि मग रॉडचा चेक नट सैल करून त्याची लांबी इतकी जुळवायची की जोर न लावता तो जोडात बसावा. अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे... पाच मिनिटांचं काम काकांनी तासभर केलं. मध्ये दोन चहा.

‘आमची ऑटोमॅटिक आहे, आमचा काय संबंध?’ असं म्हणू नका. पी-आर-एन-डीचा दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये आजही कित्येक गाड्यांत केबल असते, जुन्या अमेरिकन पिकअपमध्ये रॉड असायचा. तो जोड हलला की दांडा ‘पी’ दाखवतो आणि गाडी उतारावर घरंगळू शकते. तिथेही इलाज हाच, दोन्ही टोकं एकाच जागी आणून मग नट आवळायचा. आणि टेस्ट सोप्पी: ब्रेक दाबून बघा, स्टार्टर फक्त पी आणि एनमध्येच फिरला पाहिजे.

संध्याकाळी मैत्रीण स्टिअरिंगवर बसली. पहिला पडला. दुसरा पडला, खट्ट न करता. ती काहीच बोलली नाही, नाशिक रोडच्या दिशेने निघाली. तिसरा, चौथा. सिग्नलला थांबल्यावर तिने भावाला फोन लावला, ‘सोमवारचं कॅन्सल कर.’ पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला.