बेणेमळा

उसाच्या रोपवाटिकेत आलेला शेतकरी आधी उंची बघतो. "वहिनी, जरा थोराड रोपं द्या की, ही बारकी दिसत्यात." मग मी ट्रेमधलं एक रोप उपसून त्याच्या तळहातावर ठेवते. कोकोपीट मुळांनी गच्च धरलंय, चार-पाच पानं आहेत, वय महिना-सव्वा महिना. झालं, लागणीला तयार. त्याहून थोराड रोपाची मुळं कप्प्यात गुंडाळून बसतात आणि रानात गेल्यावर ते लवकर हलत नाही. निम्मे लोक ऐकतात.

ज्या डोळ्यातून रोप फुटलं तो कुणाच्या रानातला, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. आणि आमचा सगळा धंदा त्यावरच उभा आहे. को ८६०३२ आणि फुले २६५ या जातींचा बेणेमळा आम्ही वेगळा राखतो. मूळ बियाणं उष्ण बाष्प हवेत ५४ अंशांवर अडीच तास प्रक्रिया झालेलं आणायचं आणि पुढं आपल्या रानात वाढवायचं. ९ ते ११ महिन्यांचा लागणीचाच ऊस घ्यायचा, खोडवा नाही. जून उसाचे बुडख्याकडचे डोळे कडक, फुटतात उशिरा नि मागं-पुढं. कारखान्याला निघालेल्या उसाचे डोळे काढून स्वस्तात रोपं विकणारेही आहेत. ट्रेमध्ये दोन्ही रोपं सारखीच हिरवी. गवताळ वाढीचा रोग कांडीतून येतो, पण दिसतो फुटवे आल्यावर. फिकट पानांचे झुबके आणि ऊस नाहीच. तोवर रोपवाल्याचा हिशेब मिटलेला असतो.

पाचट आमच्या बायका हातानंच सोलतात, कोयत्यानं डोळा दुखावतो. डोळे काढून बुरशीनाशक-कीटकनाशकाच्या पाण्यात बुडवायचे, ४२ कप्प्यांच्या ट्रेत डोळा वर ठेवून भरायचे आणि ट्रेची थप्पी प्लॅस्टिकच्या कागदात आवळून ठेवायची. आठवड्याच्या आत कागद सोडला की उबट, आंबूस वाफ तोंडावर येते. डोळ्याभोवतीच्या ठिपक्यांतून पांढऱ्या मुळ्या निघालेल्या असतात, कोंब टोकाला जांभळट. हे बघायला मी अजून स्वतः जाते.

साडेचार बाय दोन फुटांवर एकराला ४८४० रोपं बसतात. दोन डोळ्यांच्या टिपऱ्या लावायच्या तर दहा हजार लागतात. बेण्यातली ही बचत लोकांना लगेच पटते.

२०१९च्या ऑगस्टात कृष्णेच्या महापुरानं नदीकाठच्या आडसाली लागणी कुजवल्या. पाणी ओसरताच रोपांसाठी रांग लागली. काहींनी तर पुरातून वाचलेला ऊसच आणला, "याचेच डोळे काढा." कांड्यांना उभ्यानंच मुळ्या सुटलेल्या, शेंड्याला पांगशा, खालचे डोळे काळे पडलेले. आम्ही तो घेतला नाही. माळावरचं बेणं पुरेल तेवढ्याच ट्रेची नोंद घेतली आणि बाकीच्यांना पूर्वहंगामीला यायला सांगितलं. काही आले. काहींनी तोवर मिळेल तिथून रोपं आणून लावली होती.