चौकटीवरची नावं

अंगकोरच्या कुठल्याही देवळात शिरताना नजर आपोआप वर जाते. शिखरं, दारावरच्या पट्टीतला ऐरावतावर बसलेला इंद्र, जबडा वासलेलं कालमुख, त्याच्या तोंडातून निघालेल्या पानाफुलांच्या वेली. दाराच्या दोन बाजूंचे उभे दगड मात्र बहुतेकांच्या खांद्याला घासून मागे राहतात. अशा कित्येक दगडांवर बारीक अक्षरांच्या ओळीच्या ओळी कोरल्या आहेत. कंबोडियाचा प्राचीन लिखित इतिहास आज उरलाय तो या दगडांवर. ताडपत्रं आणि हरणाच्या कातड्यावर लिहिलेलं सगळं दमट हवेने, वाळवीने आणि लढायांनी खाऊन टाकलं.

या ओळी दोन भाषांत आहेत. संस्कृत आहे ती पद्यात. तिथे शिव आहे, विष्णू आहे, राजाची वंशावळ आहे, त्याच्या तेजापुढे फिका पडणारा सूर्य आहे. आणि त्याच दगडावर खाली, किंवा समोरच्या चौकटीवर, जुन्या ख्मेर भाषेतलं गद्य सुरू होतं. त्यात उपमा नाहीत. अमुक शेताची हद्द पूर्वेला कुठपर्यंत, देवाच्या नैवेद्याला तांदूळ किती, बैल किती, म्हशी किती आणि देवाच्या सेवेला दिलेली माणसं कोण. तारीख असलेला सर्वांत जुना ख्मेर लेख इ.स. ६११ चा, दक्षिणेकडच्या अंगकोर बोरेई इथला. त्यातसुद्धा अशीच यादी आहे. या याद्यांत प्रत्येकाचं नाव लिहिलेलं असतं. नाचणाऱ्या, गाणाऱ्या बायकांची नावं पुष्कळदा संस्कृत वळणाची, फुलापानांची. शेतात राबणाऱ्यांची साधी ख्मेर, काही तर उघड हिणवणारी. कडेवरच्या मुलांचीही नोंद आहे.

मी हा देश पाहायला गेले ती शिखरांसाठीच. परत आले ती या याद्या डोक्यात घेऊन.

मराठी माणसाला अंगकोर वाटमध्ये पहिला तासभर सगळं घरचं वाटतं. दुसऱ्या सूर्यवर्म्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे विष्णूचं मंदिर उभारलं. पाच शिखरं मेरुपर्वताची, भोवती जवळजवळ दोनशे मीटर रुंद खंदक, आणि तोंड पश्चिमेला. पश्चिमेच्या ओवरीत उजवीकडे वळलं की कुरुक्षेत्र सुरू होतं. दोन सैन्यं दोन टोकांकडून निघतात आणि मध्ये एकमेकांत मिसळतात. शरशय्येवरचा भीष्म लांबूनच ओळखू येतो. रथावर चार हातांचा कृष्ण. पुढच्या कोपऱ्यात वालीचा मृत्यू. दक्षिणेच्या भिंतीवर रेड्यावरचा यम आणि त्याच्यासमोर चक्क चित्रगुप्त. खाली नरकांची चित्रं, आणि प्रत्येक नरकाचं नाव व त्यातलं पाप ख्मेर भाषेत कोरलेलं. पूर्वेला जवळजवळ पन्नास मीटर लांबीचं समुद्रमंथन.

माझ्या आसपास भारतीय पर्यटकांचे घोळके होते, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य फिरत होतं: हे सगळं आपलंच. माझ्याही मनात ते होतं. पण याच भिंतींपाशी थोडं जास्त थांबलं की ते वाक्य तोकडं पडायला लागतं. इथे कुणा भारतीय राजाने सैन्य आणल्याचा पुरावा नाही. मोसमी वाऱ्यांवर व्यापारी आले, त्यांच्यासोबत ब्राह्मण आणि भिक्षू आले, आणि ख्मेर राजांनी त्यातून स्वतःला हवं ते निवडलं, हवं तसं वाकवलं. इ.स. ८०२ मध्ये दुसऱ्या जयवर्म्याने महेंद्रपर्वतावर, म्हणजे आजच्या कुलेन डोंगरावर, चक्रवर्ती म्हणून अभिषेक करून घेतला. ते सांगणारा स्दोक काक थोमचा शिलालेख त्यानंतर अडीचशे वर्षांनी एका पुरोहित घराण्याने कोरवला. त्यात हा विधी जावापासून सुटण्यासाठी होता असं म्हटलंय. भारताची पोथी, जावाचं ओझं आणि ख्मेर डोंगर, अशी ती जुळणी होती. अंगकोर वाटच्या भिंतीवर पांडवांनंतर लगेच सूर्यवर्मा स्वतः बसलेला आहे, डोक्यावर छत्र्यांची दाटी, पुढे सरदारांचे हत्ती, आणि वेगळ्या वेशातली सयामी तुकडी. ज्या दगडात महाभारत, त्याच दगडात त्यांचा वर्तमान. असा धीटपणा उसनवारीत येत नाही.

पश्चिमेच्या गोपुरात आठ हातांची विष्णूची भव्य मूर्ती उभी आहे. तिला भगवं वस्त्र नेसवलेलं असतं, समोर उदबत्त्यांचा धूर, कमळाच्या कळ्या, कधी केळी. देश बौद्ध आहे. माझा वाटाड्या, पन्नाशीचा, हात जोडून म्हणाला, “हे ता रीच. आमचे आजोबा. या जागेचे राखणदार.” तो विष्णू आहे हे त्याला ठाऊक होतं, त्यानेच मला आधी सांगितलं होतं. दोन्ही गोष्टी त्याच्या मनात एकत्र नांदत होत्या. आपल्याकडे गावाच्या वेशीवरच्या देवाला लोक जसं बोलतात, नवस करतात, रागावतातसुद्धा, तसं तो ता रीचशी हलक्या आवाजात बोलला. या जागेवर खरा हक्क या बोलण्याचा आहे असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

आपल्याशी खरा, घट्ट धागा कुठे सापडतो ते सांगायचं तर कालगणनेत. ख्मेर शिलालेख शकांत तारखा देतात. आपल्या पंचांगावर छापतात ते शके. मेकाँगकाठच्या सांबोरचा एक लेख आहे शके ६०५ चा, इ.स. ६८३ चा. त्या ६०५ मधलं शून्य म्हणजे एक ठिपका आहे, आणि दशमान पद्धतीत लिहिलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या निश्चित तारखेच्या शून्यांत त्याची गणना होते. गेल्या शतकातल्या युद्धाच्या काळात हा दगड हरवल्यासारखाच झाला होता. २०१३ मध्ये तो अंगकोरच्या एका कोठारात पुन्हा सापडला.

बाराव्या शतकाच्या शेवटी सातवा जयवर्मा आला. शेजारच्या चंपा राज्याच्या हल्ल्यानंतर, ११८१ मध्ये, तो गादीवर बसला तेव्हा तरुण नव्हता. आणि मग उरलेल्या आयुष्यात त्याने इतकं बांधलं की दगड पुरेना. बायोन मंदिराच्या शिखरांवरचे ते प्रचंड, मिटल्या ओठांनी हसणारे चेहरे त्याच्याच काळातले. ता प्रोम हे देऊळ त्याने ११८६ मध्ये आईच्या नावाने बांधलं, तिला प्रज्ञापारमिता या बौद्ध देवीच्या रूपात बसवून. आज तिथे लोक झाडांचे फोटो काढायला रांग लावतात. भिंतींवर उतरलेली ती मुळं अंगावर येतात हे खरं, पण मला ओढ होती तिथल्या शिलालेखाची. तो संस्कृतात आहे, श्लोकांत आहे, आणि तरीही त्यात आकडे आहेत. या एका देवळाच्या सेवेला ३,१४० गावं आणि ७९,३६५ माणसं. त्यांत ६१५ नर्तकी. याच लेखात राजाने राज्यभर १०२ आरोग्यशाळा चालवल्याचं येतं. प्रेआ खान मंदिराच्या ११९१ च्या लेखात रस्त्यांवरच्या १२१ धर्मशाळा येतात.

आरोग्यशाळांचे वेगळे लेख सापडले आहेत. त्यांत म्हटलंय की प्रजेच्या शरीराचा आजार राजाच्या मनाला जास्त दुखवत होता, कारण प्रजेचं दुःख तेच राजाचं दुःख. चारही वर्णांना उपचार खुले. वैद्य किती, औषधं कुटणारे किती, पाणी तापवणारे किती, राजकोठारातून मध, तूप, मिरी, कापूर, जिरं, वेलची किती, हे सगळं नेमून दिलेलं. हे वाचताना मन भरून येतं. आणि त्याच वेळी ७९,३६५ हा आकडाही मनातून जात नाही. त्या माणसांना कुणी विचारलं होतं का? पावसाळ्यात आवणी करून, कापणी करून, तो तांदूळ बैलगाडीने देवळाच्या कोठारात पोचवताना त्यांच्या घरी काय शिजत होतं? दया आणि वेठ एकाच राजाच्या हातून, एकाच शिलालेखात आली आहेत. मला यातलं एक खरं आणि दुसरं खोटं मानता येत नाही. जयवर्म्याची करुणा खरी होती असं मला वाटतं, आणि तिचा खर्च कुणीतरी पाठीवर वाहिला हेही तितकंच खरं.

त्याची राणी इंद्रदेवी विदुषी होती. बहिणीच्या, म्हणजे आधीच्या राणीच्या, मृत्यूनंतर तिने तिच्या स्मरणार्थ संस्कृत काव्य रचलं, ते फिमीनाकास मंदिराच्या शिलालेखात आहे. बौद्ध विहारात ती स्त्रियांना शिकवत असे. आठशे वर्षांपूर्वीची एक बाई आपल्या बहिणीबद्दल लिहिते आणि ते दगडावर टिकतं, हे मला त्या सगळ्या शिखरांइतकंच मोठं वाटलं.

बायोनच्या बाहेरच्या ओवरीत खालच्या पट्ट्या नीट पाहा. वर चंपाच्या चाम लोकांशी होड्यांतली लढाई चालू आहे, खाली बाजार भरलाय. एक बाई तराजू धरून बसली आहे. कोंबड्यांची झुंज, पैजा लावणारे हात. भात शिजतोय. एक बाई बाळंत होतेय, सुईण तिला धरून आहे. पाण्यात मासेच मासे, कारण तोन्ले साप हे सरोवर जवळच आहे. पावसाळ्यात मेकाँगचं पाणी उलटं त्यात शिरतं आणि ते कित्येक पटींनी पसरतं. अंगकोरचं पोट भातावर आणि या माशांवर भरत होतं. चिनी वकिलातीबरोबर १२९६ मध्ये आलेला चौ ता-क्वान लिहून गेला की इथला व्यापार बायकांच्या हाती आहे, दुकानं नाहीत, जमिनीवर चटई पसरून बाजार भरतो. अंगकोरलगतच्या सिएम रीपच्या बाजारात पहाटे मासे कापत बसलेल्या बायका पाहिल्या तेव्हा चौची टाचणं आणि बायोनची भिंत एकदम जिवंत झाली.

या माणसांची घरं कुठे गेली? दगड फक्त देवांसाठी होता. राजवाडासुद्धा लाकडाचा. म्हणून आपल्याला जंगलात सुटी देवळं दिसतात आणि शहर दिसत नाही. २०१२ मध्ये विमानातून लेझरचे किरण सोडून झाडीखालची जमीन मोजली, तेव्हा रस्त्यांचे चौकोन, तळी, घरांचे उंचवटे, कालवे, बांध उघडे पडले. पश्चिम बराय हा तलाव आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटरहून रुंद आहे, तोही माणसांनी मातीचे बांध घालून केलेला. झाडांच्या वार्षिक वलयांवरून कळलं की चौदाव्या-पंधराव्या शतकांत लांबलेले दुष्काळ आणि त्यांना छेदून अतोनात पाऊस असे फेरे आले, आणि ही पाण्याची व्यवस्था मोडत गेली. सयामच्या अयुथ्या राज्याच्या स्वाऱ्या झाल्या. राजधानी दक्षिणेला सरकली. पण अंगकोर वाट ओस पडलं नाही, भिक्षू तिथे राहत आले. १६३२ मध्ये एका जपानी यात्रेकरूने इथल्या खांबावर शाईने लिहून ठेवलंय, आईवडिलांच्या पुण्यासाठी चार बुद्धमूर्ती अर्पण केल्याचं. १८६० मध्ये आलेल्या फ्रेंच प्रवाशाने हे ‘शोधून काढलं’ असं अजून छापलं जातं. ते थांबायला हवं.

बाफुओन मंदिराची कथा मला सर्वांत जास्त लागली. ढासळणारं हे मंदिर फ्रेंच तज्ज्ञांनी दुरुस्तीसाठी उलगडलं, सुमारे तीन लाख दगड काढून आजूबाजूच्या रानात मांडून ठेवले आणि प्रत्येकाची जागा कागदावर लिहिली. मग युद्ध आलं. १९७५ मध्ये ख्मेर रूज सत्तेवर आले आणि त्या नोंदी नष्ट झाल्या. त्यांच्या चार वर्षांत पंधरा ते वीस लाख माणसं उपासमारीने, आजाराने आणि हत्येने गेली. शिकलेली माणसं वेचून मारली, त्यांत देवळांची भाषा जाणणारेही होते. १९९५ मध्ये काम पुन्हा सुरू झालं, दगड हातांनी जुळवत जुळवत २०११ मध्ये पुरं झालं. त्या आधी, लढाई पुरती थांबलेली नसताना, १९८६ पासून सात वर्षं भारतीय पुरातत्त्व खात्याचे लोक अंगकोर वाटमध्ये काम करत होते. त्या कामाच्या पद्धतीवर टीकाही झाली, पण त्या दिवसांत तिथे जायला फार थोडे तयार होते.

याच युद्धाचा फटका बसलेलं कोह केर अंगकोरपासून दूर आहे. चौथ्या जयवर्म्याने दहाव्या शतकात तिथे राजधानी नेली. तिथल्या प्रासात चेन देवळात भीम आणि दुर्योधन गदायुद्धाच्या पवित्र्यात समोरासमोर होते, भोवती बघायला बलराम आणि बाकीचे पांडव. दगडात इतकी उसळी क्वचित कुणी आणली असेल. युद्धाच्या धामधुमीत चोरांनी या मूर्ती घोट्यापाशी तोडून नेल्या. पावलं चौथऱ्यांवर राहिली, आणि त्या पावलांवरूनच पुढे सिद्ध झालं की अमेरिकेतल्या संग्रहालयातला भीम आणि लिलावाला निघालेला दुर्योधन इथलेच. २०१४ मध्ये दोघे परत आले. जुन्या चोरांपैकी एकाने म्हातारपणी अधिकाऱ्यांना देवळं दाखवली, कुठून काय उचललं ते सांगितलं. त्याच्या साक्षीचा परतीच्या दाव्यांना मोठा आधार झाला. २०२३ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने कंबोडियाला आणखी चौदा शिल्पं परत द्यायचं कबूल केलं.

भीम-दुर्योधन आता फ्नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मराठी प्रवासी बहुतेक सिएम रीपहूनच परतीचं विमान धरतात. त्यांनी एक दिवस राजधानीसाठी राखावा. शिलालेखांचे दगडही तिथेच आहेत, वाचता येणार नाहीत, तरी ओळीवरून बोट न लावता नजर फिरवावी, आणि सोबतच्या वाटाड्याला विचारावं, यांत माणसांची नावं कुठून सुरू होतात.