सात गाड्या, पाच प्लग

आमच्या मोहल्ल्यात रिमोटवर चालणाऱ्या सात गाड्या आहेत. जत्रेत मिळणाऱ्या पेन्सिल सेलवाल्या नव्हेत. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या, सुटे भाग मिळणाऱ्या, मातीत उड्या मारणाऱ्या. एक दुबईहून कुणाच्या मामूंनी आणलेली, दोन ईदीचे पैसे साठवून ऑनलाइन मागवलेल्या, बाकीच्या पुण्या-मुंबईहून जुन्या उचललेल्या. रविवारी सकाळी ईदगाहमागच्या मोकळ्या जागेत त्या धावतात. गाड्या सात आणि बॅटरी जोडायचे प्लग पाच प्रकारचे. तिघांकडे एक्सटी-60, बाकी चौघांकडे टामिया, टी-प्लग, ईसी-3 आणि ट्रॅक्सास असा एकेक.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान नाही. पण अब्बा सोलापूरच्या यंत्रमागांवर जॉबर होते, घरात पक्कड आणि सोल्डरिंग आयर्न लहानपणापासून हाताला लागलेली. त्यामुळे हा तंटा पोरांनी माझ्याकडे आणला. एरवी मी म्हणालो असतो, ज्याचा त्याचा प्लग. पण त्यांच्यात सातवीतला एक मुलगा आहे. त्याची टामिया प्लगची गाडी तिसऱ्या हाताची, बॅटरी जुनी, पाच मिनिटांत मान टाकणारी. अम्मी विड्या वळते, नवी बॅटरी हजाराच्या वर जाते, म्हणजे तो विषयच नको. इतरांकडे दोन-दोन, तीन-तीन बॅटऱ्या आहेत आणि द्यायला ते तयारही आहेत. प्लग जुळत नाही. मग हा मुलगा सकाळभर दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायला धावतो.

‘अडॅप्टर घेऊ या ना सर,’ असे एकाने सुचवले. अडॅप्टर म्हणजे दुभाषा: एका बाजूला एक प्लग, दुसऱ्या बाजूला दुसरा. दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाने दुभाष्याला नाही म्हणू नये, पण मी म्हणालो. का, ते नीट सांगतो, कारण सगळी निवड त्या एका हिशेबावर उभी आहे.

प्लगमध्ये धातूला धातू टेकतो तिथे थोडा तरी विरोध असतोच. तिथे होणारी उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले विरोध. समजा, विरोध 2 मिलिओहम आहे. गाडी 10 अँपिअर घेत असेल तर उष्णता 0.2 वॅट, हाताला कळणारही नाही. तीच गाडी 40 अँपिअर घेऊ लागली की 3.2 वॅट. करंट चौपट, उष्णता सोळापट. आता धूळ, गंज, सैल पडलेली पीन यांमुळे विरोध 10 मिलिओहम झाला, तर 40 अँपिअरला 16 वॅट. आपल्याकडे घरोघरी असते ती आयर्न 25 वॅटची. म्हणजे प्लगच्या पोटात अर्ध्याहून मोठी आयर्न पेटलेली. अडॅप्टर लावला की एकाऐवजी दोन जोड होतात, वर चार डाग जास्तीचे. कधीमधी चार्जरला लावायला तो ठीक, धावत्या गाडीत नको.

त्या मुलाच्या गाडीचा टामिया प्लग एका कडेने तपकिरी झाला होता, तो याच हिशेबाने. हा प्लग जपानी टामिया कंपनीच्या गाड्यांमुळे जगभर पोचला. 7.2 व्होल्टची जुनी बॅटरी आणि साधी मोटर, एवढ्यापुरता तो चांगला आहे. आत पातळ पत्र्याच्या पिना, वर नायलॉनचे घर, खटकन बसणारी कडी. आधीच्या कुणा मालकाने गाडीत जास्त ताकदीची मोटर बसवली आणि प्लग तोच ठेवला. बिचारा प्लग काय करणार, भाजला.

उरले चार. टी-प्लगला डीन्स असेही म्हणतात. आकार इंग्रजी टी अक्षरासारखा, दोन चपट्या पट्ट्या, विरोध कमी, जागा थोडी लागते. पण तो घट्ट बसतो, लहान बोटांना सुटत नाही, मग पोरे वायर धरून ओढतात. त्याच्या स्वस्त नकलांतली स्प्रिंग लवकर बसते. ईसी-3 मला मनापासून आवडतो: निळा, पकडायला सोपा, आत एक्सटी-60 सारख्याच साडेतीन मिलिमीटरच्या सोनेरी पिना. फक्त पिना आधी वायरला डागायच्या आणि मग घरात दाबून बसवायच्या; एकदा बसल्या की काढणे जिकिरीचे. ट्रॅक्सासचा प्लग दणकट आहे, करंटही भरपूर झेलतो, पण तो मुख्यतः त्या एका कंपनीच्या घराण्यातला.

एक्सटी-60 पिवळा. नावातला 60 हा अँपिअरचा आकडा, तो थोड्या वेळापुरता समजावा. सतत तेवढा करंट काढू नये. पिना घरातच पक्क्या बसवलेल्या, मागे डाग भरायला छोट्या वाट्या. एका टोकाचे कोपरे तासलेले असल्याने उलटा बसत नाही. तो तिघांकडे आधीच होता आणि सुटा सहज मिळतो. एका मोठ्या मुलाला एक्सटी-90 हवा होता, ‘मोठा म्हणजे चांगला’ म्हणून. चार-सहा सेलच्या मोठ्या गाड्यांना तो शोभतो. जोडताना ठिणगी पडू नये म्हणून आत रेझिस्टर घातलेला त्याचा प्रकारही मिळतो. आमच्या दोन सेलच्या गाड्यांना ते ओझे कशाला?

पुढचा घोळ व्याकरणाचा होता. प्लगलाही नर आणि मादी असते. पोरांनी मला वर्गातल्यासारखे विचारले, ‘सर, हा मुज़क्कर की मुअन्नस?’ एक्सटी-60 मध्ये गंमत अशी की, ज्याच्या आत नर पिना त्याचे प्लास्टिक मादीसारखे पोकळ, आणि उलट. मी निकाल दिला, धातूकडे पाहा. बॅटरीला कायम मादी. बॅटरी स्त्रीलिंगी म्हणून नव्हे, तर ती कधी झोपत नाही म्हणून. गाडीचा प्लग सुटला की मेलेला असतो, बॅटरीचा नेहमी जिवंत. तिच्या पिना उघड्या असल्या आणि दप्तरात कंपासपेटीला लागल्या, तर लिथियम बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. मग पेट घ्यायला वेळ लागत नाही.

म्हणूनच काम वाटून घेतले. गाडीकडचे डाग पोरांनी मारायचे, बॅटरीकडचे मी. बॅटरीचा जुना प्लग कापताना एका वेळी एकच वायर; पकडीने दोन्ही एकदम कापल्या तर पक्कडच शॉर्ट करते. एक वायर कापली, डागली, स्लीव्ह चढवून आकसवली, मगच दुसरी. लाल अधिकला, काळी उणेला, आणि प्लगवर कोरलेली खूण दोनदा वाचायची. डाग देताना समोरचा जोडीदार प्लग, वायर न लावलेला, अडकवून ठेवायचा. पिना सरळ राहतात आणि जादा उष्णता तो ओढून घेतो. आयर्न 60 वॅटची घ्यावी. 25 वॅटची जाड वायर तापवता तापवता प्लास्टिक वितळवते.

सातवीतल्याच्या गाडीत आणखी एक अडचण होती. त्याचा स्पीड कंट्रोलर जुन्या जातीचा. लिथियम बॅटरी किती उतरली ते त्याला कळत नाही, तो पिळतच राहतो. उसनी आणलेली बॅटरी अशी मेली तर पुन्हा कोण देईल? म्हणून बॅटरीच्या छोट्या पांढऱ्या बॅलन्स प्लगला बझर लावला. सेल 3.5 व्होल्टवर आला की तो कानठळ्या बसवतो. तो वाजला की गाडी थांबवायची, हा करार.

गेल्या महिन्यात दोन संध्याकाळी, असरनंतर, आमच्या ओट्यावर तीन गाड्या आणि सहा बॅटऱ्या बदलून झाल्या. मुलाने आपले दोन डाग स्वतः मारले. पहिला कोरडा, खडबडीत आला. मी तोंड उघडायच्या आत त्याने तो वितळवून पुन्हा मारला आणि दुसरा चकचकीत आला. बाकीच्यांनी वायर ओढून पाहिली.

ट्रॅक्सासवाल्याने नकार दिला. त्याच्या चार्जरला तोच प्लग लागतो, वॉरंटीही चालू आहे, आणि त्याचे वडील म्हणाले, कापाकापी नको. त्यांचे म्हणणे मला पटले. त्याची गाडी सर्वांत वेगवान आहे. तिची बॅटरी संपली की हल्ली उलटलेल्या गाड्या सरळ करायला तो धावतो.