आढावा बैठकीची बातमी आणि अव्वांचं कॅलेंडर

आज एक कबुली द्यायची आहे. पोस्ट थोडी लांब झालीय, पण वाचा.

गेली वीसेक वर्षं मी आढावा बैठकांच्या बातम्या लिहितोय. त्यातल्या निम्म्याहून जास्त नुसत्या प्रेसनोटवरून लिहिल्या. साचा ठरलेला असतो. पहिल्या परिच्छेदात आढावा कुणी घेतला, दुसऱ्यात 'कामात हयगय खपवून घेतली जाणार नाही', शेवटी उपस्थितांची नावं. हेडिंग, 'अधिकाऱ्यांना घेतले फैलावर'. साडेसहाला बातमी सोडली की आपण मोकळे.

मागच्या महिन्यात अशीच एक पाणीपुरवठ्याच्या आढाव्याची बातमी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी शुक्रवार पेठेत, बोळाच्या तोंडाशी अव्वांनी अडवलं. वय सत्तरीच्या पुढं, घरात कानडी, बाहेर सोलापुरी मराठी. हातात पेपर.

"तूच लिवलास न्हवं हे?"

"हो अव्वा."

"ह्यात आमच्या नळाचं कुठं हाय?"

मी पेपर हातात घेऊन बघितलं. एमएलडी होतं, टक्केवारी होती, 'समाधानकारक प्रगती' होती. नळ कुठंच नव्हता.

मग त्या मला घरात घेऊन गेल्या. भिंतीवर कॅलेंडर. दुधाच्या खाड्याच्या खुणा असतात ना, त्यांच्या शेजारीच पाण्याच्या खुणा. पाणी आलं त्या तारखेला गोल, खाली वेळ. धार बारीक असेल तर गोलात फुली. गोल कधी चौथ्या दिवशी, कधी पाचव्या. वेळ कधी पहाटेची, कधी रात्री दोनची. मागच्या महिन्यांची पानंही जपून ठेवलेली. "सून कामाला जाती. पाणी कवा येणार कळलं तर तिला झोपाय मिळतंय," एवढंच म्हणाल्या.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलाय. या बाईनं जे केलंय, ते मी वीस वर्षांत एकदाही केलं नाही.

आता जरा हिशोब बघा. समजा पाणी दर चौथ्या दिवशी तीन तास आलं. कागदावर सरासरी काढली तर रोज पाऊण तास. आकडा खोटा नाही. पण त्या पाऊण तासात रात्री दोनला उठणं नाही, हौद, पिंप, घागरी भरून ठेवणं नाही, मोटर लावणाऱ्या शेजाऱ्याशी भांडण नाही. सरासरीला झोप लागते, अव्वांच्या सुनेला लागत नाही.

मग मी केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं २००८ मध्ये काढलेली सेवा पातळी मानकांची पुस्तिका पुन्हा उघडून बसलो. पाणी, सांडपाणी, घनकचरा आणि पावसाळी गटारं मिळून एकूण २८ निर्देशांक. पाण्याचे ९. माणशी रोज १३५ लिटर, पुरवठा २४ तास, हिशोबाबाहेर जाणारं पाणी २० टक्क्यांच्या आत, ८० टक्के तक्रारी २४ तासांत निकाली. तेराव्या वित्त आयोगानं तर कामगिरीवर मिळणारं अनुदान या मानकांची उद्दिष्टं जाहीर करण्याशी जोडलं होतं. म्हणजे नागरी सेवेचा आढावा कसा घ्यायचा, हे देशात कुणाला माहीतच नाही, असं बिलकूल नाही.

त्या पुस्तिकेतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक आकड्यापुढं विश्वासार्हतेची श्रेणी लिहायची असते. प्रत्यक्ष मोजलेला आकडा असेल तर 'ए', नुसता अंदाज असेल तर 'डी'. मीटर नसलेल्या शहरात माणशी किती लिटर मिळालं हे कसं काढतात? सोडलेलं पाणी भागिले लोकसंख्या. टाकीतून निघालेलं पाणी गळतीत गेलं की अव्वांच्या घागरीत, हे त्या भागाकारातून कळत नाही. तक्रारीचंही तसंच. 'निकाली' हा शेरा तक्रार घेणारा मारतो. पाणी आलं का, हे तक्रार करणाऱ्याला कुणी विचारलं तरच त्या शेऱ्याला अर्थ.

ती श्रेणी मी आजवर एकाही बातमीत छापलेली नाही. विचारलीच नाही तर छापणार काय?

यात सोलापूरची अडचण खरी आहे, ती नाकारू नये. उजनी शंभरेक किलोमीटरवर. तिकडं वीज गेली की पंप बंद, टाक्या भरत नाहीत आणि सगळ्या शहराचं रोटेशन एक दिवस पुढं जातं. १९९२ च्या हद्दवाढीनं शहर कितीतरी पटींनी पसरलं. गावठाणातल्या जुन्या लाइनी वेगळ्या, हद्दवाढ भागाचं दुखणं वेगळं. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आपला नंबर लागला, समांतर जलवाहिनीची चर्चा तर आपण किती वर्षं केली! पण नवी लाइन आली तरी नळापाशी मोजणी नसेल, तर फरक पडला की नाही हे ठरवणार कशावरून?

आणि मोजायला लावणार कोण? मार्च २०२२ मध्ये १०२ नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. सभागृहात गोंधळ असायचा, सभा तहकूब व्हायच्या, रिकामी घागरही यायची. पण निदान पेठेतला माणूस पेठेचं नाव घेऊन उभा राहायचा. नंतर आढावा वरूनच व्हायचा. २०२५ मध्ये राज्य सरकारनं १०० दिवसांचा, मग १५० दिवसांचा कार्यक्रम आणला. संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण यांना गुण मिळाले. चांगलंच आहे. पण तिथं कार्यालय परीक्षेला बसतं आणि सरकार पेपर तपासतं. बोळातल्या माणसाला कुणी विचारत नाही.

म्हणून ठरवलंय. यापुढं पाण्याच्या आढाव्याची बातमी लिहायची तर चार प्रश्न विचारूनच. हा आकडा मोजलेला की अंदाजाचा? शहराची सरासरी नको, झोननिहाय किती? ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी पाणी किती वेळा सुटलं? निकाली काढलेल्या तक्रारींपैकी किती जणांना फोन करून विचारलं? उत्तर नाही मिळालं तर 'उत्तर मिळाले नाही' असं छापायचं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की अशी माहिती कार्यालयानं न मागता द्यावी. न मागता येत नसेल, तर मागू. ज्या शहराच्या नगरपालिकेनं ६ एप्रिल १९३० ला इंग्रजांच्या राज्यात इमारतीवर तिरंगा चढवला, तिथं चावीवाल्याचं रजिस्टर मागायला कसली भीती?

काल संध्याकाळी अव्वांकडं परत गेलो. कॅलेंडरच्या पानांचे फोटो घेऊ का, विचारलं. त्यांनी गठ्ठाच हातात दिला. "फोटू कशाला? पानंच ने. पण परत आणून दे, दुधाचा हिशोब हाय त्यात."

तुमच्याही घरात असं कॅलेंडर असेल. नसेल तर आजपासून गोल करा. एका पेठेतल्या दहा घरांच्या खुणा जमल्या, की पुढच्या आढावा बैठकीला मी रिकाम्या हातानं जाणार नाही.

अव्वांची पानं उद्या परत करतोय.