एका प्रतीची आवृत्ती

शुभेच्छापत्र हा वाङ्मयप्रकार नव्हे, याविषयी कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासमंडळात दुमत होणार नाही. पत्रवाङ्मयाला अभ्यासक्रमात एखादा कोपरा मिळतो. दैनंदिनी, प्रवासवर्णन, अगदी नाटकांच्या जाहिरातींवरही कुणीतरी प्रबंध लिहीत असते. शुभेच्छापत्र मात्र दाराबाहेरच उभे. त्याचे कारणही उघड आहे. दुकानातल्या शुभेच्छापत्रावरचा मजकूर कुणी लिहिला हे वाचणाऱ्याला ठाऊक नसते आणि कुणासाठी लिहिला हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते. लेखक अनामिक आणि वाचक घाऊक, अशा मजकुराची समीक्षा करायची तरी कशी?

तरीही या विषयावर काही लिहावे असे आम्हांला वाटते, कारण गेली सतरा-अठरा वर्षे आम्ही ही पत्रे हाताने करीत आलो आहोत. 'आम्ही' हे इथे संपादकीय अनेकवचन नव्हे. आम्ही खरोखरच दोघी आहोत. एम. ए.ला एका वर्गात होतो, आज एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि शिक्षककक्षातले एकच टेबल दोघींत वापरतो. एकीला अक्षरांचे वेड आहे, दुसरीला झाडांचे. या दोन वेडांचा संसार आमच्या शुभेच्छापत्रांत मांडलेला आहे. वर्षाकाठी वीस-बावीस पत्रे होतात. त्यांतले एकही दुसऱ्यासारखे नसते. शैक्षणिक कामगिरीच्या गुणांकनात त्यांना अर्थातच शून्य गुण आहेत.

छापील शुभेच्छापत्राचा इतिहास मोठा बोलका आहे. इंग्लंडमध्ये १८४० साली पेनी पोस्ट सुरू झाले आणि सामान्य माणसाला पत्र धाडणे परवडू लागले. या टपालसुधारणेत ज्यांचा हात होता त्यांपैकी एक हेन्री कोल. पत्रे वाढली, उत्तरे लिहिण्याचे ओझेही वाढले. १८४३ च्या नाताळात कोल यांनी जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या हजारेक प्रती छापल्या आणि उरलेल्या एकेक शिलिंगला विकायला ठेवल्या. हे पहिले व्यापारी नाताळपत्र मानले जाते. चित्रात भोजनाला बसलेले एक कुटुंब आहे. पण आम्हांला महत्त्वाच्या वाटतात त्या दोन रिकाम्या जागा. वरच्या बाजूला, ज्याला पाठवायचे त्याच्या नावासाठी एक आणि खाली पाठवणाऱ्याच्या नावासाठी एक. मधला सगळा मजकूर तयार. माणसे तेवढी भरायची. छापील शुभेच्छापत्राची सारी संहिता त्या दोन रिकाम्या जागांत सामावली आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे हे पत्र दुकानात येण्याआधी शुभेच्छा पाठवायची रीत नव्हती असे मात्र नाही. दसऱ्याच्या पत्रात आपट्याचे पान घालून पाठवायचे, संक्रांतीच्या छोट्या पत्रासोबत तिळाचे चार दाणे किंवा हलवा कागदाच्या पुडीत बांधून धाडायचा, हे ज्यांनी पाहिले आहे अशी माणसे अजून घरोघर भेटतील. लिफाफा उघडेपर्यंत हलव्याचा चुरा झालेला असे, पान चुरगळलेले असे. पण 'सोने' पोचलेले असे. तिथे मजकूर ठरावीकच होता, तिळगूळ घ्या आणि गोड बोला एवढाच. वेगळे असे ते पान. कुणीतरी आपल्या अंगणातून ते तोडून आणलेले असे. आमच्यातली झाडांची वेडी इथे एक टीप जोडू इच्छिते: बाजारात 'सोने' म्हणून जे विकले जाते त्यात आपट्याऐवजी पुष्कळदा कांचनाची पाने असतात. दोन्ही एकाच कुळातली आणि दोन्ही जोडपानांसारखी दिसणारी. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि राखी झाक असलेले. ती स्वतः झाडाखाली गळून पडलेलीच पाने उचलते.

कृतीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण विचार बराचसा तिथेच होतो. आमचा कागद बहुधा पुण्याच्या हातकागद संस्थेतला असतो. ही संस्था १९४० पासूनची. हा कागद शाई थोडी पितो, त्यामुळे अक्षराची कड किंचित फुलते. ते आवडणारे आणि न आवडणारे, असे अक्षरकारांचे दोन पंथ करता येतील. आम्ही पहिल्या पंथातल्या. घडी घालण्याआधी रिकाम्या रिफिलने रेघ दाबून घ्यावी लागते, नाहीतर जाड कागद घडीवर फाटल्यासारखा दिसतो. पाने-फुले वर्तमानपत्रांच्या घड्यांत ठेवून वर शब्दकोशांचे खंड रचायचे आणि पहिले काही दिवस रोज कागद बदलायचा. आळस केला, की बुरशी धरते. पावसाळ्यात तर हे काम न केलेलेच बरे. चिकटवायला खळ; तिच्यात चिमूटभर मोरचूद घातला, की कसर लागत नाही. हे बांधणीवाल्यांचे जुने शहाणपण. अक्षरांसाठी बोरू. संगणकावर मराठी वाचणाऱ्या पुष्कळांचे डोळे ज्या 'मंगल' टंकाला सरावले, तो घडवणारे र. कृ. जोशी (१९३६–२००८) स्वतः हाताने अक्षरे रेखणारे कलावंत आणि कवी होते, हे आमच्यातली अक्षरवेडी प्रत्येक नव्या वर्गाला सांगते. यंत्रातल्या अक्षरामागेही कुणाचा तरी हात असतो, एवढेच तिला सुचवायचे असते.

इथे एक प्रश्न येतो आणि तो आम्हांला अनेकदा विचारला गेला आहे. झाडांचे वेड तुमचे, अक्षरांचे वेड तुमचे; मग ज्याला पत्र पाठवता त्याचे त्यात काय? ज्याला गवत आणि गवताचा तुरा यांतला फरक कळत नाही, त्याला तुऱ्याचे पत्र पाठवणे म्हणजे आपलीच हौस त्याच्या गळ्यात मारणे नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून आम्ही वर्गात एमिली डिकिन्सनचे उदाहरण देत असू. तिने शाळकरी वयात वनस्पतींची एक संग्रहवही केली. तीत चारशेच्या वर वनस्पती चिकटवलेल्या आहेत आणि ती वही आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. पुढे तिने जवळपास अठराशे कविता लिहिल्या, हयातीत त्यांतल्या जेमतेम दहा-बारा छापून आल्या. मात्र शेकडो कविता तिने पत्रांतून माणसांना पाठवल्या, कधी सोबत एखादे फूलही असे. म्हणजे त्या कवितांना वाचक होता, पण एकेकटा. तिचे शेजारीपाजारी काही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. तिने त्यांना पाठवले ते ज्ञान नव्हे. जिथे तिची नजर सर्वांत अधिक काळ थांबली होती, तिथले काहीतरी उचलून पाठवले. माणूस ज्याचा वेडा असतो तिथेच तो नीट पाहतो. इतरत्र आपण सगळेच नजर फिरवून पुढे जातो. म्हणून वेडातून केलेली वस्तू ही दिलेली नजर असते, असे आम्ही म्हणत असू.

हे उत्तर वर्गात चालून जाई. एका वर्षी ते आम्हांला स्वतःला पुरेना.

आम्हांला एम. ए.ला भाषाविज्ञान शिकवणाऱ्या सरांना निवृत्तीनंतर काही वर्षांनी पक्षाघाताचा झटका आला. हातपाय पुष्कळ सावरले; भाषा गेली. समोरच्याचे बोलणे थोडेफार कळे, पण शब्द येत नसे, आणि छापील ओळ डोळ्यांपुढे धरली तर नुसते पाहत राहत. स्वनविचार शिकवणाऱ्या माणसाला एक स्वन उच्चारता येऊ नये, यावर भाष्य करण्याचे धाडस आमच्यात नाही. भेटीला जाणारे लोक दुकानातली पत्रे नेत होते. 'लवकर बरे व्हा' हा मजकूर त्यांच्या टेबलावर पाच-सहा निरनिराळ्या टंकांत उभा होता. ते एकही वाचू शकत नव्हते.

पत्र न्यायचे हे ठरले. त्यावर अक्षर असावे की नसावे, यावरून आम्हा दोघींत चांगलेच वाजले. झाडवेडीचे म्हणणे, की एकही अक्षर नको. ज्याचे जे गेले तेच त्याच्यापुढे ठेवायचे, यात कसली शुभेच्छा? तिने विभागासमोरच्या बकुळीची फुले सुचवली. सरांचा सकाळचा तास त्या झाडाजवळच्या खोलीत असे, उन्हाळ्याच्या तोंडावर खिडकीतून वास येई. आणि बकुळीचे फूल सुकून तपकिरी झाले तरी वास सोडत नाही. अक्षरवेडीचे म्हणणे वेगळे होते. ज्या माणसाने आयुष्यभर अक्षरांवर जीव लावला त्याच्यासमोर अक्षरे लपवून जायचे, म्हणजे तो आता आपल्यातला राहिला नाही असे त्याला सांगणे. आठवडाभर आम्ही एकमेकींशी कामापुरतेच बोलत होतो. तो नुसता रुचीचा वाद नव्हता. आपले वेड दुसऱ्याच्या दुःखात कुठवर न्यावे, हा प्रश्न त्यात होता आणि दोघींपैकी कुणाचेही उत्तर पुरेसे नव्हते.

मार्ग सापडला तो सरांच्याच एका तासाच्या टिपणांत. संस्कृतातला एकेरी 'ल' दोन स्वरांमध्ये आला, की मराठीत त्याचा 'ळ' होतो: फल–फळ, कमल–कमळ, बकुल–बकुळ. अभिजात संस्कृतात नसलेला, वेदांत मात्र भेटणारा हा वर्ण सरांचा लाडका. मराठीत एकही शब्द ज्याने सुरू होत नाही असा हा वर्ण. त्याला नेहमी आधी कुणीतरी लागते, असे ते हसत म्हणत. शेवटी ठरले ते असे: शब्द नाही, वाक्य नाही, एकच ठसठशीत 'ळ', रुंद बोरूने काळ्या शाईत, आणि खाली दोऱ्यात ओवलेली सुकी बकुळफुले. बाहेर नाव नाही, आत सही नाही. टपालाच्या शिक्क्याखाली फुलांचे पीठ झाले असते, म्हणून आम्ही ते हातानेच नेऊन दिले.

सरांनी ते आधी नाकाशी नेले. मग मांडीवर ठेवले आणि पुष्कळ वेळ पाहत राहिले. मग उजव्या हाताचे बोट शाईवर ठेवून त्यांनी ते अक्षर गिरवले. डावे वाटोळे, उजवे वाटोळे, शेवटी वरची रेघ. पुन्हा गिरवले. काकू दारात उभ्या होत्या, त्या आत आल्या नाहीत. पुढे काही महिन्यांनी सरांना थोडे शब्द परत आले. त्याचे श्रेय वाचोपचाराचे आणि काकूंच्या चिकाटीचे; आमच्या पत्राने काही घडवले असा दावा आम्ही करणार नाही. आम्हांला त्या दुपारी कळले ते एवढेच, की आमचे उत्तर अर्धे होते. वेडातून केलेली वस्तू ही दिलेली नजर असते हे खरे. परंतु ती नजर आधी ज्याला द्यायची त्याच्यावर ठरलेली असावी लागते. त्यानंतर झाड आणि अक्षर ही साधने उरतात. त्या पत्राला अर्थ होता तो एकाच वाचकासाठी. दुसऱ्या कुणाच्या हाती पडले असते, तर तो वाळक्या फुलांचा एक कागद होता.

तेव्हापासून पत्र करायला बसण्यापूर्वी आम्ही एक नियम पाळतो. ज्याच्यासाठी करायचे त्याच्याविषयीची, आपण स्वतः पाहिलेली एक गोष्ट कागदावर लिहायची. ती सुचली नाही तर पत्र करायचे नाही. फोन करावा, तेही बरेच असते. भ्रमणध्वनीवर सणासुदीला येणाऱ्या फुला-दिव्यांच्या चित्रांबद्दल आमची मुळीच तक्रार नाही. ती कोल यांच्या पत्राचीच वंशज आहेत, फक्त आता नावाच्या त्या दोन रिकाम्या जागाही उरलेल्या नाहीत.

या नियमाची सर्वांत सुरेख प्रचीती आम्हांला दिली ती एका विद्यार्थ्याने, आणि त्याला आमचा नियम ठाऊकही नव्हता. तृतीय वर्षाच्या निरोपसमारंभानंतर तो शिक्षककक्षात आला. वडिलांचे शिवणकामाचे दुकान. कॉलेज सुटल्यावर काज-बटणाचे काम याच्याकडे. तीन वर्षे शेवटच्या बाकावर बसलेला, प्रश्न विचारला तर उभा राहून गप्प होणारा. त्याने एक पत्र टेबलावर ठेवले. खाकी कापड पुठ्ठ्यावर ताणून बसवलेले आणि दोन्ही पाने मिटलेली राहावीत म्हणून एक खरे बटण व हाताने शिवलेले काज. बटण सोडून आम्ही आत पाहिले, तर मधोमध एकच शब्द होता: 'येतो'.

काजाच्या दोन्ही टोकांना आडवे टाके कशासाठी, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "मॅडम, सगळा ताण टोकांवरच येतो ना." मग दोरा मेणावरून का ओढून घ्यायचा, काज आधी कापायचे की आधी शिवायचे, जाड्या कापडाला टाका किती अंतरावर घ्यायचा, हे तो सांगत राहिला. पुढच्या तासाची घंटा होईपर्यंत तो बोलत होता आणि आम्ही दोघी ऐकत होतो.