लाल ठिपका सोडायचा नाही!

तुमच्या ऑफिसात कर्नल क्युबेज आहे का? असणारच. नाव वेगळं असेल, मिशी नसेल, पण माणूस तोच.

मूळचा कर्नल ओडेसा क्युबेज राहतो ‘हाफ-लाइफ २’ या गेममध्ये. व्हॉल्व्ह कंपनीने २००४ साली आणलेला हा गेम ज्यांनी रात्री जागून खेळलाय, त्यांना आठवत असेल. पृथ्वीवर ‘कम्बाइन’ या परग्रही सत्तेचं राज्य आहे आणि आपण गॉर्डन फ्रीमन. एमआयटीचा फिजिक्समधला पीएचडी, पण अख्ख्या गेममध्ये एक शब्द बोलत नाही. (आदर्श एम्प्लॉयी!) समुद्राकाठच्या रस्त्यावर न्यू लिटल ओडेसा नावाची वस्ती लागते. तिथल्या तळघरात कर्नलसाहेब हातात रॉकेट लाँचर घेऊन प्रेझेंटेशन देत असतात. हे हत्यार किती भारी, गनशिप पाडायला याच्यासारखं दुसरं काही नाही वगैरे. तेवढ्यात खरीच गनशिप येते. साहेब लाँचर कौतुकाने तुमच्या हातात देतात आणि स्वतः पुढच्या ठाण्याला निरोप पाठवायला रेडिओपाशी थांबतात. मीटिंग संपली, टास्क असाइन्ड!

मग तुम्ही वर येता, आणि खरी गंमत इथे सुरू होते.

ही गनशिप म्हणजे साधं हेलिकॉप्टर नव्हे. अर्धं यंत्र, अर्धा प्राणी. तुम्ही नेम धरून सरळ रॉकेट सोडलंत, की ती तुम्हाला सोडून रॉकेटवर गोळ्या झाडते आणि ते हवेतच फोडते. आपण गार! पण लाँचरमधून एक लाल लेझरचा ठिपका पडतो आणि सुटलेलं रॉकेट त्या ठिपक्यामागे जातं. म्हणजे नेम आधी धरायचा नसतो, शेवटपर्यंत धरून ठेवायचा असतो. ठिपका बाजूला न्यायचा, रॉकेट लांबून वळवून आणायचं आणि अगदी जवळ आलं की झटकन तिच्या अंगावर टेकवायचा. तोवर तुम्ही उघड्यावर. भिंतीमागे लपायला वळलात की ठिपका वळतो आणि रॉकेटही वळतं. एक रॉकेट हवेत असताना दुसरं सोडता येत नाही. जवळ जास्तीत जास्त तीनच. संपली की पेटीकडे धावा. बरं, एका फटक्यात ती पडतही नाही. पडते तेव्हा मात्र असा काही हंबरडा फोडते, की जिंकूनही क्षणभर वाईट वाटतं.

खऱ्या जगातही यात दोन पंथ आहेत. अमेरिकेचं स्टिंगर किंवा आपल्या लष्कराकडचं इग्ला ही खांद्यावरची क्षेपणास्त्रं विमानाची उष्णता हुंगत स्वतःच जातात. डागा आणि विसरा. उलट ब्रिटिशांचं स्टारस्ट्रीक लेझरच्या वाटेने जातं. वेग आवाजाच्या तिपटीहून जास्त, पण लक्ष्य गाठेपर्यंत सैनिकाने दृष्टी हलवायची नाही. फायदा हा, की विमानाने सोडलेल्या फसव्या फ्लेअरने ते भुलत नाही. कर्नलचं हत्यार या दुसऱ्या घराण्यातलं.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गेमला २० वर्षं झाली, म्हणून व्हॉल्व्हने तो काही दिवस फुकट दिला होता. मी तेव्हा बेंचवर. सातवा आठवडा चालू. बेंच म्हणजे काय हे आयटीवाल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: पगार चालू, काम बंद आणि साठाव्या दिवशी एचआरची ‘जस्ट अ क्विक चॅट’. रोज कार्ड स्वाइप करायचं, कॉफी प्यायची, कॅलेंडर बघायचं. गावी घराचं कर्ज माझ्या नावावर. बाबा रोज रात्री नऊला फोन करायचे आणि फक्त हवेबद्दल बोलायचे. ‘तिकडे थंडी पडली का?’ बस्स. एवढंच.

रूममेट नितीन स्टिंगर पंथाचा. ‘अरे, पोर्टलवर पन्नास ठिकाणी रिझ्युमे टाक आणि विसर. लागेल कुठेतरी!’ त्याचं लागलंही होतं तसंच, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. मला मात्र आमच्याच कंपनीतलं एक प्रोजेक्ट हवं होतं. जुना जावा कोड, कुणालाच नको असलेला आणि मला पाठ असलेला. तिथल्या मॅनेजरला सरळ मेल केली. दहा मिनिटांत उत्तर: ‘पोझिशन ऑन होल्ड’. रॉकेट हवेतच फुटलं!

मग लांबून वळवलं. जुन्या टीममधल्या कविता मॅडमना गाठलं, त्यांनी तिथल्या आर्किटेक्टशी बोलून दिलं. त्याला एक अडलेला बग दोन संध्याकाळी बसून सोडवून दिला. मॅनेजरच्या मंजुरीनंतर फॉर्म फायनान्सकडे अडकला, तिथे रोज अकरा वाजता जाऊन उभा राहायचो. तिथली बाई तिसऱ्या दिवशी हसली, चौथ्या दिवशी वैतागली. नितीन म्हणाला, ‘लाज नाही वाटत?’ वाटत होती ना यार. पण ठिपका हलवला असता तर?

५३व्या दिवशी अलोकेशनची मेल आली. रात्री नऊला फोन वाजला. त्या दिवशी मात्र बाबांनी पहिल्यांदाच विचारलं, ‘पगार चालू राहील ना रे?’

राहील म्हटलं.

‘बरं,’ ते म्हणाले, आणि गावाकडे पहाटे धुकं किती पडतंय ते सांगायला लागले.