यशस्वीरीत्या जमा

आईच्या मोबाइलवर मेसेज आला, हप्ता यशस्वीरीत्या जमा. कुठे जमा, याचा पत्ता नाही. सरकारी योजनेचे पैसे होते. अर्ज मीच भरला होता, तिच्या नेहमीच्या बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स जोडून. पण पासबुकात एन्ट्री मारली तर शेवटची ओळ दुधाच्या बिलाचीच.

मग बँक. काउंटरवरचा म्हणाला, "मावशी, आमच्याकडं काही आलेलं नाही. तालुक्याला विचारा." तालुक्याच्या कार्यालयातल्या मॅडमनी स्क्रीनच माझ्याकडे वळवला. हिरव्या अक्षरांत 'सक्सेस'. "आमच्याकडनं गेलेत. बँकेला विचारा." पुन्हा बँक, पुन्हा रांग, तेच उत्तर. खोटं कुणीच बोलत नव्हतं, याचाच मला जास्त संताप येत होता. ज्याला त्याला आपल्यापुरतं दिसत होतं आणि पैसे ज्या बाईचे तिला काहीच नाही. बाकावर बसलेल्या आईने विचारलं, "तू कॉम्प्युटरमधलाच ना रे?" सॉफ्टवेअर लिहून पोट भरणाऱ्या माणसाने यावर काय बोलावं!

उलगडा केला तो ई-सेवा केंद्रातल्या पोराने. माय-आधार संकेतस्थळ उघडलं, आईच्या मोबाइलवरचा ओटीपी टाकला, 'बँक सीडिंग स्टेटस', म्हणजे आधारला कोणती बँक जोडलेली आहे ते, पाहिलं. तिथे भलत्याच बँकेचं नाव. मग आईला आठवलं. बचत गटाच्या मेळाव्यात टेबल टाकून बसलेल्या मुलांनी 'झिरो बॅलन्सचं खातं आहे' म्हणत तिचा अंगठा घेतला होता.

आधारवर पाठवलेले पैसे अर्जातल्या खाते क्रमांकावर जातच नाहीत. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या मॅपरमध्ये त्या आधारसमोर ज्या बँकेची नोंद असेल, तिकडे जातात. नोंद एका वेळी एकाच बँकेची. नवी जोडली की जुनी निघते. पद्धत म्हणून ही वाईट नाही. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला म्हणून अडकलेले पैसे मी पाहिले आहेत, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. माझा राग अर्जातल्या खाते क्रमांकाच्या रकान्यावर आहे. पैसे ज्या आकड्यावर जाणारच नाहीत तो लाल चांदणी लावून मागता, आणि ज्यावर सगळं ठरतं त्याचा उल्लेखही करत नाही?

हे काही पहिल्यांदा घडलं नाही. 2017 मध्ये एका मोबाइल कंपनीच्या पेमेंट्स बँकेत लाखो ग्राहकांचं गॅस अनुदान असंच परस्पर वळलं होतं. खातं उघडल्याचंच अनेकांना ठाऊक नव्हतं. आधार प्राधिकरणाने त्या डिसेंबरात कंपनीची ई-केवायसीची, म्हणजे आधारवरून ग्राहकाची ओळख पटवण्याची, मुभा तात्पुरती काढून घेतली, तेव्हा बातम्या झाल्या.

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या मीटिंगांमध्ये एक वाक्य हमखास येतं, जास्त माहिती दिली की युजर गोंधळतो. आई गोंधळायची काय राहिली होती?

पैसे मात्र सुखरूप होते, सगळे हप्ते. नोंद जुन्या बँकेकडे फिरवून घेऊ म्हटलं तर आई नको म्हणाली. तिथे साठतात, घरात कुणाला दिसत नाहीत, हे तिला भलतंच आवडलंय. न दिसण्याचाही कुणाला उपयोग असतो तर! पण ते तिनं ठरवायचं, सिस्टीमने नव्हे.

या धंद्यातल्या मित्रांनो, पैसे कोणत्या बँकेकडे गेले हे पाठवणाऱ्या यंत्रणेला कळतं. मेसेजमध्ये 'यशस्वी'च्या पुढे तेवढं बँकेचं नाव टाका. आणि बाकीच्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं सीडिंग स्टेटस आजच एकदा बघून घ्या.